दगडांचे मराठी : नवगावच्या दफनभूमीचे मोल कशाने ठरवायचे?

अलिबागहून उत्तरेकडे निघाले की थळ, नवगाव, किहीम ही गावे किनाऱ्याला धरून लागतात. समोर समुद्रात खांदेरी आणि उंदेरी. यांपैकी खांदेरीचे नाव जुलै २०२५ मध्ये जगभर गेले. मराठा लष्करी भूदृश्य म्हणून ज्या बारा किल्ल्यांना युनेस्कोने जागतिक वारसा ठरवले, त्यांत हा किल्ला आहे. त्या बातमीचा आनंद मलाही झाला. त्याच आठवड्यात मी नवगावच्या दफनभूमीवरच्या माझ्या टिपणांची जुनी वही उघडली आणि मनात प्रश्न आला : किल्ल्याचे मोल कोणालाही समजते, दफनभूमीचे का समजत नाही? आणि ज्यांना समजते असे आपण म्हणतो, तेही ते बरोबर समजतात का?

नवगावची दफनभूमी बेने इस्रायलांची, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यूंची. समाजाची परंपरा अशी : फार पूर्वी या किनाऱ्याजवळ एक गलबत फुटले, सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या, बाकीच्यांची प्रेते लाटांनी किनाऱ्यावर आणली. वाचलेल्यांनी ती नवगावला पुरली, पुरुषांची एका मोठ्या उंचवट्याखाली आणि स्त्रियांची दुसऱ्या. वाचलेल्यांचा वंश पुढे गावोगाव पसरला, तेल गाळू लागला, शनिवारी घाणा बंद ठेवू लागला, म्हणून ‘शनिवार तेली’ झाला. नवगावला आता स्मारकस्तंभ आहे. परदेशांतून येणारे वंशज तिथे थांबतात, प्रार्थना करतात, फोटो काढतात.

या जागेविषयी मराठीत आणि इंग्रजीत जे लिहिले जाते ते वाचताना मला दोन मापे सतत वापरली जाताना दिसतात. दोन्ही मापे मला चुकीची वाटतात. हा लेख त्या मापांविषयी आहे.

पहिले माप उंचीचे. आपल्याकडे वारसा म्हणजे जे मान वर करून बघावे लागते ते. सुरतेला जा. सर जॉर्ज ऑक्झेंडेन हा इंग्रज कंपनीचा अधिकारी १६६९ मध्ये वारला. त्याची आणि त्याच्या भावाची दुमजली, घुमटाची कबर आजही लोक बघायला जातात. जवळच डच दफनभूमीत ‘हॉर्टस मलबारिकस’ हा वनस्पतिग्रंथ करवून घेणारा फान रेडे आहे, मृत्यू १६९१. त्याचीही कबर तशीच भव्य. पुण्यात लाल देवळाच्या आवारात डेव्हिड ससून यांची समाधी आहे. तेही ज्यू होते, पण बगदादहून आलेले धनाढ्य व्यापारी. या साऱ्या वास्तू जपायलाच हव्यात. पण उंची हेच माप धरले, तर वारसा हा श्रीमंतांचा आणि अधिकाऱ्यांचा ठरतो. तेल गाळणारे, सुतारकाम करणारे, पलटणीत नोकरी करणारे, आपल्या माणसांवर दोन हातांचा दगड ठेवून परत कामाला जाणारे लोक त्यात बसत नाहीत.

दुसरे माप पुरातनतेचे, आणि ते अधिक फसवे आहे, कारण ते वापरणारे लोक या जागेचे मित्र असतात. नवगावविषयीच्या जवळजवळ प्रत्येक लेखात ‘दोन हजार वर्षांपूर्वीची’ हे शब्द येतात. जणू तेवढे वय नसते, तर ही जागा राखण्याचे कारण उरले नसते. गलबताची कथा समाजाच्या दृष्टीने सत्य आहे आणि तिचा आदर मी करतो. पण ती तारीख लिहिलेला दगड नाही. बेने इस्रायलांचा स्पष्ट युरोपीय उल्लेख सापडतो तो सार्टोरियस या डॅनिश मिशनच्या पाद्र्याच्या १७३८ च्या पत्रात. समाजाचे पहिले मोठे इतिहासकार हाईम सॅम्युएल किहीमकर यांनी आपला ग्रंथ १८९७ च्या सुमारास पुरा केला. तो छापला गेला थेट १९३७ मध्ये, तेल अवीवला, लेखकाच्या निधनानंतर २८ वर्षांनी. त्यांनीही परंपरा नोंदवली ती परंपरा म्हणून. एखाद्या जागेचे सगळे मोल आपण सिद्ध न होणाऱ्या वयावर टांगले, तर उद्या कोणी ते वय खोडून काढले की जागाही मोडीत निघते. राखणदाराने आपला दावा सगळ्यांत कच्च्या खुंटीला अडकवू नये.

मग पक्की खुंटी कोणती? माझे उत्तर असे : नवगावच्या उंचवट्यांचे वय काहीही असो, रायगड, ठाणे, मुंबई आणि पुण्यातल्या बेने इस्रायल दफनभूम्यांतले एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकातले साधे दगड हा मराठीचा एक लिखित संग्रह आहे, आणि तो इतरत्र कुठेही मिळत नाही. या दफनभूम्या एकेकट्या बघण्याऐवजी एकत्र वाचायला हव्यात. नवगाव हे त्या संग्रहाचे पहिले पान. त्या पानावर अक्षर नाही, पण पुढची पाने भरलेली आहेत.

त्या पानांवर काय असते ते सांगतो. वर हिब्रू, खाली मराठी, नंतरच्या काळात इंग्रजी. हिब्रूत बहुधा आरंभी ‘पे’ आणि ‘नून’ ही दोन अक्षरे, म्हणजे ‘येथे पुरले आहे’ याचा संक्षेप. शेवटी पाच अक्षरांचा दुसरा संक्षेप, मृताचा जीव जीवनाच्या गाठोड्यात बांधलेला राहो अशा अर्थाच्या आशीर्वादाचा. मधे नाव आणि बापाचे नाव. हिब्रूत माणूस ‘अमक्याचा मुलगा’ असतो. मराठीत तोच माणूस नाव, बापाचे नाव आणि आडनाव असा तीन पायांवर उभा राहतो, आणि आडनाव गावाचे : किहीमकर, पेणकर, रोहेकर, चेऊलकर, अष्टमकर, दिवेकर, तळकर. अशी शंभरावर आडनावे या समाजात आहेत. ज्या गावात आता एकही ज्यू घर नाही, ते गाव एखाद्या आडनावाच्या शेवटच्या ‘कर’मध्ये अजून वस्तीला आहे.

नावेही बघण्यासारखी. १७९६ मध्ये मुंबईत समाजाचे पहिले प्रार्थनामंदिर बांधणारे सॅम्युएल इझिकिएल दिवेकर हे लोकांत सामाजी हसाजी म्हणून ओळखले जात. सॅम्युएलचा सामाजी आणि इझिकिएलचा हसाजी. अब्राहमचा आबाजी होई, मोशेचा मुसाजी. पुढे शाळा आल्या, जॉन विल्सनसारख्या मिशनऱ्यांनी हिब्रू शिकवायला घेतले. विल्सनचे मराठीतून लिहिलेले हिब्रू व्याकरण १८३२ चे आहे. किहीमकर आणि त्यांच्या सोबत्यांनी १८७५ मध्ये समाजाची स्वतःची शाळा काढली. मग सामाजी पुन्हा सॅम्युएल झाला. हा बदल आपण पुस्तकात एका वाक्यात वाचतो. दफनभूमीत तो आजा, बाप आणि मुलगा अशा तीन दगडांवरून चालत जाऊन वाचता येतो.

आता तारखा. इथे मला माझी एक फजिती सांगावी लागेल, कारण ती या लेखाच्या मुद्द्याचीच आहे.

हिब्रूत आकडे अक्षरांनीच लिहितात. ‘ताव’ म्हणजे ४००, ‘रेश’ म्हणजे २००, ‘नून’ ५०, ‘वाव’ ६. हजारांचा आकडा बहुतेक वेळा गृहीत धरतात. म्हणून ताव-रेश-नून म्हणजे ६५०, त्यात ५००० मिळवून ५६५० हे हिब्रू वर्ष. त्यातून ३७६० वजा केले की १८९० येते. पण हिब्रू वर्ष शरद ऋतूत सुरू होते, म्हणून सप्टेंबरअखेर ते डिसेंबर या काळातल्या तारखांसाठी ३७६१ वजा करायचे. हे सगळे मी चाळिशीनंतर, एका बालबोध पुस्तकावरून स्वतःच शिकलो. शिकवायला कोणी नव्हते, चूक दाखवायलाही नव्हते.

रायगड जिल्ह्यातल्याच एका दफनभूमीत मला एका बाईचा दगड मिळाला. वर्षाची अक्षरे ताव, रेश आणि शेवटी एक उभी रेघ. मी ती ‘वाव’ वाचली. ६०६, म्हणजे ५६०६, म्हणजे १८४५-४६. इतका जुना लेख त्या परिसरात मी पाहिला नव्हता. मी हुरळलो. एका छोट्या बैठकीत तो दगड मी ‘या भागातला सर्वांत जुना लेख’ म्हणून दाखवलाही. पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा गेलो, सकाळी लवकर, ऊन तिरपे असताना. तेव्हा दिसले की ती रेघ ओळीच्या खाली उतरत होती. हिब्रूत शब्दाच्या शेवटी येणारा ‘नून’ असाच लांब उभा काढतात. खालच्या टोकाला दगडफूल चढल्यामुळे मला तो अर्धाच दिसला होता. त्याखाली मराठी ओळ होती, तीही दगडफुलाने झाकलेली. आरशाने बाजूने उजेड पाडल्यावर तिच्यातले ‘१८९०’ उमटले. एका अक्षराने ४४ वर्षांची चूक केली होती.

अक्षर झिजले होते हे खरे. पण मला जुना दगड हवा होता म्हणून मी जुना वाचला, हे अधिक खरे. पुरातनतेचे माप हातात घेऊन गेलेला माणूस असाच वाचतो. आणि मला दुरुस्त कोणी केले? खालच्या साध्या मराठी ओळीने. जिच्याकडे मी, मराठी माणूस, दुय्यम मजकूर म्हणून बघितलेही नव्हते.

ही दुभाषी सवय फक्त दगडांवर नाही. वल्हांडणाच्या रात्री वाचायचा हगादा मराठी भाषांतरासह मुंबईत १८४६ मध्ये आणि सचित्र रूपात पुण्यात १८७४ मध्ये छापला गेला. बायबलातल्या पुरुषांवर मराठीत कीर्तने झाली. सणांची घरगुती नावे मराठी राहिली : नव्याचा सण, दारफळणीचा सण, खिरीचा सण, बिरड्याचा रोजा. शेवटच्या नावात बिरडे आणि रोजा शेजारी बसतात, आणि खाली जेरुसलेमचे मंदिर पडल्याचा शोक असतो. इस्रायलला गेलेल्या लोकांनी तिथून ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिक चालवले. या सगळ्याशी जोडून बघितले तर दफनभूमीतला दगड हा सुटा पुरावा राहत नाही. तो या भाषेच्या एका शाखेचा कागद ठरतो, फक्त पावसात ठेवलेला.

मात्र या संग्रहाचे कौतुक करताना आपल्याकडे एक सोयीस्कर वाक्य येते : ज्यूंना भारतात कधी त्रास झाला नाही, सारे कसे गुण्यागोविंदाने राहिले. पहिला अर्धा भाग अभिमानाने सांगावा असाच आहे. पण दफनभूमी गुण्यागोविंदाची साक्ष देण्यासाठी नसते. बेने इस्रायलांत ‘गोरे’ आणि ‘काळे’ असा भेद होता, मिश्र संबंधांतून जन्मलेल्यांना वेगळे ठेवणारा. बगदादी ज्यूंनी १८३६ मध्ये मुंबईच्या सामाईक दफनभूमीत आपल्या आणि बेने इस्रायलांच्या कबरींमध्ये भिंत घालावी म्हणून सरकारकडे अर्ज केला होता. पुढे त्यांची दफनभूमी वेगळीच झाली. चिंचपोकळीची जागा ससून घराण्याने १८७८ मध्ये दिली. ज्या लोकांना मुंबईत मेल्यावर भिंतीपलीकडचे ठरवले, त्यांच्याच वंशजांच्या लग्नांना १९६० च्या दशकात इस्रायलमधल्या धर्मपीठाने शंका घेतली आणि १९६४ मध्ये तिथल्या संसदेला त्यांच्या बाजूने ठराव करावा लागला. म्हणून जागा जपायची तर तिची आखणीही जपायला हवी. कोण कुठे पुरले आहे, कोणत्या ओळीत, कोणत्या कोपऱ्यात, मधे किती अंतर, हा मजकूर दगडावरच्या मजकुराइतकाच मोलाचा आहे. सुशोभीकरणासाठी दगड उचलून कंपाउंडाच्या भिंतीला टेकवून ठेवले, तर अक्षरे वाचतील आणि अर्थ जाईल.

सुशोभीकरणाचा विषय निघालाच आहे तर थोडे व्यवहाराचे. व्हिएन्नाचा कलेतिहासकार आलोइस रीगल याने १९०३ मध्ये स्मारकांच्या मूल्यांवर एक निबंध लिहिला. त्यातला एक भेद मला दफनभूमीत फार उपयोगी पडतो. वस्तूवर काळाची खूण दिसते, तिचे एक मूल्य असते, आणि ते अडाण्यालाही भावते. वस्तू इतिहासाचा कागद असते, त्याचे मूल्य वेगळे. पहिल्याला शेवाळ हवे असते, दुसऱ्याला अक्षर. दोन्हींचे भांडण आहे, आणि ते प्रत्येक दगडापाशी सोडवावे लागते.

आपल्याकडे ते बहुधा तिसऱ्याच रीतीने सुटते : तारेचा ब्रश, ॲसिड आणि वर ऑइलपेंट. ॲसिडने संगमरवराचा पृष्ठभागच विरघळतो. ब्रशने अक्षराची कड जाते. अक्षरांत भरलेले शिसे अशा घासण्याने सुटते आणि राहिलेल्या खाचा पुढच्या पिढीला चुकीच्या वाचता येतात. रंगारी तर अक्षर ओळखत नसताना ते गिरवतो, आणि ‘नून’चा ‘वाव’ कायमचा होतो. माझी चूक वहीत होती, खोडता आली. रंगाची चूक खोडता येत नाही. सिमेंटने दगड बसवला की खारे पाणी आत अडकते आणि दगड पापुद्र्यांनी सुटतो. चुना श्वास घेतो. साधे पाणी, मऊ ब्रश, भरपूर वेळ, आणि शंका असेल तिथे हात न लावणे, एवढे पुरते. वाचण्यासाठी तर दगडाला स्पर्शही नको. तिरपा उजेड पुरतो.

एक प्रश्न राहतो, आणि तो अभ्यासकांकडून येतो : नवगावचे उंचवटे खणून एकदाचा निकाल का लावू नये? हाडांचे वय काढता येईल, कथा खरी की खोटी ते कळेल. मला कुतूहल नाही असे म्हणणे खोटे होईल. पण ज्यू धर्मशास्त्रात पुरलेल्याला हलवणे निषिद्ध मानले आहे, अपवाद फार थोडे. जागा कायमची मृताची असते. दफनभूमीला हिब्रूत ‘बेत हाखाईम’ म्हणतात, म्हणजे जिवंतांचे घर. संशोधनाचा हक्क हा त्या घराच्या दारापर्यंतच पोचतो. न खणता जमिनीखालचे अंदाज घेण्याची साधने आज आहेत. समाजाची संमती असेल तर ती वापरावीत. तेवढ्याने निकाल लागला नाही तर लागू नये. न उघडलेली जागा न उघडलेली राहणे हाही वारशाचाच भाग आहे.

आता शेवटचा, आणि मला सर्वांत अवघड वाटणारा प्रश्न. एकदा एका दफनभूमीच्या गडग्यापाशी मी टिपणे घेत बसलो होतो. शेजारच्या वाडीतले एक म्हातारे गृहस्थ बराच वेळ बघत उभे होते. ते म्हणाले, “ज्यांचं हाय ते तर गेले ना भाऊ. आता तुम्ही कुणासाठी लिवताय?” त्यात कुत्सितपणा नव्हता. १९५१ मध्ये भारतात सर्व ज्यू मिळून २६ हजारांवर होते. २०११ च्या जनगणनेत साडेचार हजारांच्या आसपास उरले, त्यांतले निम्म्याहून अधिक महाराष्ट्रात. २०१६ मध्ये राज्याने त्यांना अल्पसंख्याक दर्जा दिला. दर्जा मिळाला, माणसे थोडीच. मांडव्याची रो-रो सुरू होऊन आणि अटल सेतू उघडून अलिबाग मुंबईच्या अंगणात आले आहे, आणि किनाऱ्याच्या गुंठ्याचा भाव आता गावकऱ्याच्या हिशोबात बसत नाही. अशा ठिकाणी, ज्या जमिनीकडे रोज कोणी येत नाही, ती जमीन ‘पडीक’ दिसायला वेळ लागत नाही.

त्या गृहस्थांना मी तेव्हा धड उत्तर देऊ शकलो नाही. आज देईन ते असे. या जागेवर पहिला हक्क त्या समाजाचा, इथे उरलेल्यांचा आणि गेलेल्यांचाही. तिचे काय करायचे ते त्यांना विचारल्याशिवाय ठरू नये. ‘आपला वारसा’ म्हणत ती बळकावण्याचा हक्क मला नाही. पण दगडावरची दुसरी ओळ मराठी आहे. ती कोणासाठी लिहिली? देवासाठी वरची हिब्रू पुरे होती. मराठी ओळ शेजाऱ्याने वाचावी म्हणून लिहिली गेली. ज्याला उद्देशून लिहिले, त्याने वाचले नाही तर लेख अर्धाच राहतो.

म्हणून माझी मागणी मोठी नाही. स्तंभ नको, कारंजे नको. समाजाच्या विश्वस्तांच्या परवानगीने प्रत्येक बेने इस्रायल दफनभूमीची एक यादी व्हावी : दगडाचा क्रमांक, नकाशावरची जागा, तिन्ही भाषांतला मजकूर जसा आहे तसा, न वाचता आलेले अक्षर न वाचलेले म्हणूनच, आणि तिरप्या उजेडातला एक फोटो. यासाठी मोठी संस्था लागत नाही. मराठी वाचणारे दोघे आणि हिब्रू अक्षरे ओळखणारा एक पुरतो, आणि तो तिसरा होणे चाळिशीनंतरही जमते. मी स्वतः आतापर्यंत जे उतरवले आहे त्यात चुका असतील. एक तर मीच वर सांगितली. त्या काढायला दुसरा वाचणारा हवा.

दिवाळीनंतर गवत वाळते, दगड दिसू लागतात. पुढचा पाऊस येईपर्यंत सात महिने असतात. वहीत त्या बाईच्या दगडापुढे मी ‘५६०६’ खोडून ‘५६५०’ लिहिले आहे. तिच्या उजव्या हाताचा दगड अजून वाचायचा आहे.